शिडीच्या कितव्या पायरीपर्यंत चढता येते? अपघाताच्या दाव्यासाठी घेतलेल्या वकिली सेवेचा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या दुचाकीला समोरून येणाऱ्या मालवाहू टेम्पोने धडक दिली आणि त्याच्या उजव्या पायाची नडगी घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडली. भाऊ इमारतींना रंग देण्याचे काम करतो. त्या वेळी तो ३४ वर्षांचा होता आणि त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच होता. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे, त्यामुळे कागद सांभाळण्याचे आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल केला आणि मार्च २०२५ मध्ये निवाडा लागला. या सव्वादोन वर्षांत ज्या वकीलबाईंची सेवा आम्ही घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि पुढे काही उणिवाही नोंदवायच्या आहेत, म्हणून त्यांचे नाव किंवा जिल्हा येथे देत नाही.

वकीलबाईंकडे पोहोचण्यापूर्वी आम्हाला दुसऱ्याच एका सेवेचे दर्शन घडले. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या वॉर्डात नीटनेटक्या कपड्यांतील एक गृहस्थ आले. प्रथम खबर अहवालाची (एफआयआर) प्रत त्यांच्या हातात आमच्याही आधी पोहोचली होती. "ताई, तुम्ही एक रुपया काढू नका. केसचा सगळा खर्च आमचा, मिळेल त्यात तीस टक्के आमचे," असे म्हणून त्यांनी कोरा वकालतनामा, म्हणजे वकील नेमण्याचा कागद, पुढे केला आणि त्यासोबत भावाच्या सहीचे दोन कोरे धनादेशही मागितले. औषधांच्या दुकानाची उधारी वाढत असताना असे शब्द गोड लागतात, हे मी नाकारणार नाही. परंतु कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्या माणसाला पतसंस्थेत आम्ही उभे करत नाही, तेवढ्या सवयीने वाचलो. पुढे समजले की, निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे हे वकिलाला व्यवसायाच्या नियमांनुसार वर्ज्य आहे. त्यामुळे टक्केवारीची बोली लावणारा मनुष्य वकील असेल तर तो नियम मोडत असतो आणि वकील नसेल तर तो मध्यस्थ असतो.

वकीलबाईंचे कार्यालय जिल्हा न्यायालयामागच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. पाय मोडलेल्या पक्षकारांचीच वर्दळ असलेल्या कार्यालयाला हे शोभत नाही, आणि पहिल्या भेटीत भावाला कुबड्या घेऊन एकोणीस पायऱ्या चढवताना मला त्याचा रागही आला होता. आत गेल्यावर मात्र त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न भरपाईच्या आकड्याचा नव्हता. त्यांनी भावाला विचारले, "अपघाताआधी तुम्ही किती उंचीवर काम करत होतात आणि आता शिडीच्या कितव्या पायरीपर्यंत चढता येते?" भाऊ म्हणाला, "मॅडम, आधी चौथ्या मजल्यापर्यंत परांचीवर उभा राहायचो. आता पहिल्या पायरीवरही पाय ठरत नाही." त्यांनी हे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. त्या प्रश्नाची किंमत मला दोन वर्षांनी, निवाड्याची प्रत वाचताना कळली.

दावा कोणाला करता येतो, हे त्यांनी आम्हाला त्याच दिवशी समजावून सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली भरपाई मागायची तर इजा झाली एवढे पुरत नाही. ती दुसऱ्या वाहनाच्या चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे दाखवावे लागते. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मात्र येथे लागत नाही, कोणती शक्यता अधिक वजनदार आहे एवढे पाहिले जाते. स्वतःच्याच चुकीने दुचाकी घसरली असेल तर आपल्याच गाडीच्या त्रयस्थ-पक्ष (थर्ड पार्टी) विम्यातून आपल्याला भरपाई मागता येत नाही. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते मृत्यू आणि गंभीर कायमच्या अपंगत्वापुरते. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. चूक सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरावीक रक्कम मागता येते. परंतु तो रस्ता धरला की कलम १६६ चा रस्ता बंद होतो, आणि भावासारख्या हातावर पोट असलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते.

मुदतीविषयी त्या फार काटेकोर होत्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. त्याआधी कितीतरी वर्षे अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या जाणत्या माणसांचा "अहो, कधीही करा" हा सल्ला आज घातक ठरू शकतो. या मुदतीच्या वैधतेवर वरच्या न्यायालयांत वाद गेले आहेत, तथापि त्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही, असे त्यांनी बजावले. त्याच सुमारास लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून चालू शकतो. नियम चांगला आहे. आमच्या बाबतीत तो अहवाल वेळेवर पोहोचला नाही, आणि वकीलबाईंनी त्याची वाट न पाहता पाचव्या महिन्यात स्वतंत्र अर्ज दाखल केला.

आता कागदांविषयी. मी सगळी बिले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नेली होती आणि एकूण २ लाख ६१ हजारांचा हिशेब मोठ्या अभिमानाने मांडला होता. वकीलबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि पावत्यांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात रुग्णाचे नाव, तारीख आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळणारे औषध असलेली बिले होती. दुसऱ्यात नाव नसलेली. तिसऱ्यात वहीच्या फाडलेल्या कागदावर लिहिलेल्या कच्च्या पावत्या, ज्यांत रुग्णवाहिकेचे भाडे आणि व्यायाम करवून घ्यायला घरी येणाऱ्या मुलाचे पैसे होते. दुसऱ्या ढिगासाठी त्यांनी मला दुकानदाराकडे परत पाठवले आणि संगणकावरून नावानिशी प्रती काढून आणायला लावल्या. एकंदर ४३ हजारांची बिले तरीही सुटली, आणि न्यायाधिकरणाने उपचारखर्चापोटी २ लाख १८ हजारच मान्य केले. अपघात झालेल्या घरात कोणी पावतीवरचे नाव तपासत बसत नाही, हे खरे आहे. पण रुग्णालयात बिछान्याशेजारी बसलेल्या नातेवाइकाला करता येण्यासारखे एवढे एकच काम असते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या रोखरहित उपचारांची योजना लागू केली. आमच्या वेळी ती नव्हती.

दाव्याचा गाभा मात्र पुढे होता. शासकीय रुग्णालयाने भावाला उजव्या पायाचे ३० टक्के कायमचे अपंगत्व असल्याचे प्रमाणपत्र दिले. आमचा भाबडा समज असा की, ३० टक्के म्हणजे कमाईचे ३० टक्के नुकसान. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला तो खोडून काढला. हे ३० टक्के एका पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचा विचार केला तर ते जेमतेम दहा टक्के होतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि वैद्यकीय हिशेबाने ते अगदीच चुकीचे नव्हते. येथे वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाचा आधार घेतला. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि न्यायाधिकरणाने दुसरी मोजायची असते, हे त्या निकालाचे सार आहे. डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार आपला धंदाच गमावून बसतो, तर कारकून कदाचित त्याच खुर्चीत पूर्वीच्याच पगारावर बसू शकतो, असे उदाहरण त्या निकालातच आहे. मी स्वतः कारकून असल्याने ते मला जरा लागले, पण पटले.

डॉक्टरांची साक्ष झाली त्या दिवशी मी न्यायालयात होते. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांकडून वदवून घेतले की, रुग्ण आधाराशिवाय चालू शकतो, जिने चढू शकतो आणि बसून करण्याची कामे करू शकतो. तिन्ही उत्तरे "होय" अशी आली आणि आमचा दावा तेथेच बसला, असे मला वाटले. फेरतपासणीत वकीलबाईंनी एवढेच विचारले की, शिडीच्या अरुंद पायरीवर पायाचा पुढचा भाग टेकवून तासन् तास उभे राहायचे तर घोटा किती वाकावा लागतो आणि या रुग्णाचा किती वाकतो. डॉक्टरांनी स्वतःच्या तळहाताने कोन करून दाखवला आणि सांगितले की, या रुग्णाला असे उभे राहता येणार नाही, राहिला तर पडेल. न्यायाधीशांनी ते उत्तर स्वतः सांगून टंकलेखकाकडून लिहवून घेतले. पहिल्या दिवशी वहीत उतरवलेले भावाचे वाक्य असे पुढे आले.

मध्यंतरी लोकअदालतीत विमा कंपनीने एकरकमी सहा लाखांचा प्रस्ताव ठेवला. लोकअदालतीतील तडजोड अंतिम असते आणि तिच्यावर अपील नाही, त्यामुळे हा निर्णय फार जपून घ्यायचा असतो. भाऊ तयार झाला होता, कारण उधारीवाले दारात येत होते. वकीलबाईंनी त्याला होकार किंवा नकार काहीच सुचवला नाही. त्यांनी कागद घेतला आणि आमच्यासमोर आकडेमोड केली. ही त्यांच्या सेवेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे, म्हणून ती येथे मांडते. महिन्याला १५ हजार कमाई धरली तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. स्वतःचा धंदा असलेल्या आणि चाळिशीच्या आतील माणसाच्या बाबतीत भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे, असे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरवले आहे. म्हणजे २ लाख ५२ हजार. वय ३१ ते ३५ असेल तर २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे गुणक १६ येतो, म्हणजे वर्षाची रक्कम १६ ने गुणायची. कमाईचे नुकसान दहा टक्के धरले तर ४ लाख ३ हजार २०० होतात, आणि त्यात उपचारखर्च मिळवला की सहा लाखांच्या थोडे वर आकडा जातो. कंपनीचे सहा लाख कोठून आले, ते मला त्या क्षणी लख्ख दिसले. नुकसान ४० टक्के धरले तर हीच रक्कम १६ लाख १२ हजार ८०० होते. दोन्ही आकडे समोर ठेवून त्या म्हणाल्या, "थांबलात तर दीड वर्ष आणखी लागेल, आणि चाळीस टक्के मिळतीलच असे मी लिहून देणार नाही. घरी जाऊन ठरवा." घरी भरपूर वाद झाला, भाऊ आणि त्याची बायको दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत, आणि शेवटी आम्ही थांबलो.

कंपनीने आणखी एक मुद्दा ताणला. अपघाताच्या वेळी भावाच्या वाहन परवान्याची मुदत संपलेली होती, म्हणून अपघाताला तोही जबाबदार आहे आणि भरपाईतून काही हिस्सा वजा व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. परवाना नसणे हा नियमभंग आहे खरा, पण केवळ त्यावरून अपघातात त्याचा वाटा होता असे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात टेम्पोच्या चाकांच्या खुणा आमच्या बाजूला आलेल्या दिसत होत्या आणि तेवढ्यावर हा मुद्दा निकाली निघाला. परवाना मात्र भावाने त्यानंतर पहिल्याच आठवड्यात नवा करून घेतला.

निवाड्यात न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान ४० टक्के धरले. उपचारखर्च, सात महिन्यांची बुडालेली कमाई, वेदनांपोटी ७५ हजार आणि सोबतीचा माणूस, प्रवास व आहार यांपोटी ३५ हजार मिळून एकूण रक्कम २० लाख ४५ हजार ८०० झाली, आणि तिच्यावर अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज मिळाले. निम्मी रक्कम तीन वर्षांच्या मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश झाला, त्यावर भाऊ कुरकुरला. मला तो आदेश पटला. वॉर्डातील त्या गृहस्थांना तीस टक्के दिले असते तर मूळ रकमेतूनच सहा लाखांहून अधिक गेले असते. त्या वेळी व्याजाची रक्कम वर्षाला ५० हजारांवर गेली की कंपनी त्यावर करकपात करत असे आणि पॅन नसेल तर कपात दुप्पट होत असे, हे वकीलबाईंनी वर्षभर आधी सांगून भावाकडून पॅन काढवून घेतले होते. असे बारकावे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसतात.

फीचा व्यवहार स्वच्छ होता. अर्ज, पुरावा आणि युक्तिवाद अशा तीन टप्प्यांवर ठरलेली रक्कम त्यांनी कागदावर लिहून दिली होती आणि प्रत्येक वेळी पावती दिली. शिवाय, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, दिव्यांगांना आणि मर्यादित उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितले. स्वतःचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची वाट दाखवणारा व्यावसायिक मी क्वचितच पाहिला आहे. जी कामे त्यांची नव्हेत, ती त्या घेत नाहीत. लोकलमधून पडलेल्या मुलाचे वडील एकदा आमच्या आधी बसले होते. त्यांना त्यांनी रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला, तिकीट किंवा पास जपून ठेवायला सांगितला आणि तेथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, हेही सांगितले. चुकीच्या शस्त्रक्रियेची तक्रार घेऊन आलेल्या बाईंना दोन वर्षांच्या मुदतीची आठवण देऊन ग्राहक आयोगाकडे पाठवले. अलीकडे मी पुन्हा गेले तेव्हा खड्ड्यात पडून मनगट मोडलेले एक शिक्षक आले होते. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि इजा झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे, तो त्यांना वाचून दाखवण्यात आला.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. दूरध्वनी उचलला जात नाही. पुढची तारीख विचारण्यासाठी मी तीन-तीन दिवस प्रयत्न केला आहे, आणि शेवटी ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरण क्रमांक टाकून तारखा स्वतःच पाहू लागले. हे पहिल्याच दिवशी शिकवले असते तर माझ्या चार रजा वाचल्या असत्या. एका तारखेला हाताखालच्या नवख्या वकिलांनी फाईलच आणली नव्हती आणि आमचे दोन महिने फुकट गेले. त्याबद्दल कोणी खेद व्यक्त केला नाही.

सर्वांत मोठी चूक निवाड्यानंतर उघडकीस आली. भावाच्या पायात बसवलेली धातूची पट्टी आणि स्क्रू काढण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागणार, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. पुढील उपचारांचा खर्च हा भरपाईचा स्वतंत्र भाग आहे. राजकुमार निकालात तो नावानिशी दिलेला आहे, ज्या निकालावर आमचा सगळा दावा उभा होता. तो मागायचा राहून गेला. अर्जात नाही, डॉक्टरांच्या साक्षीत नाही, युक्तिवादातही नाही. मी विचारले तेव्हा वकीलबाईंनी फाईल चाळली, चष्मा काढून ठेवला आणि "हे माझ्याकडून सुटले," असे सरळ सांगितले. ७० हजारांच्या आसपास जाणारा तो खर्च आता मुदतठेवीच्या व्याजातून करावा लागेल.

कोणी विचारले तर मी त्यांचेच नाव सुचवते. मात्र सोबत एवढे सांगते की, जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून पुढच्या शस्त्रक्रियेच्या अंदाजित खर्चाचे सही-शिक्क्याचे पत्र घ्या, ते बिलांच्या वर ठेवा, आणि अर्जाची प्रत हातात आली की त्यातील रकमांची यादी स्वतः बोट ठेवून वाचा. आणि पायाला मार असेल तर सोबत दोन माणसे घेऊन जा, लिफ्ट अजूनही बसलेली नाही.